हवेची नोंद

‘टायर फुटल्याने चालकाचे नियंत्रण सुटले.’ पुणे-मुंबई रस्त्याच्या आसपास राहणाऱ्या माणसाने हे वाक्य वर्तमानपत्रात इतक्या वेळा वाचलेले असते की त्याची घडण आता नजरेला जाणवत नाही. या वाक्यात माणूस येतो तो नियंत्रण सुटल्यावर. त्याआधी जे घडले ते आपोआप घडले. वीज पडते, दरड कोसळते, तसा टायर फुटतो. तो टायर कोणी बसवला, त्यात हवा कोणी भरली, निघण्यापूर्वी ती कोणी पाहिली किंवा पाहिली नाही, ही सगळी माणसे वाक्याबाहेर राहतात.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातल्या कामधंद्यांचा इतिहास मी बरीच वर्षे माझ्या परीने जमवतो आहे. कारखान्यांचा इतिहास मिळवणे त्या मानाने सोपे. कोनशिला असतात, वार्षिक अहवाल असतात, कामगार संघटनांची पत्रके असतात, निवृत्त लोकांच्या पेट्यांत स्मरणिका सापडतात. एम.आय.डी.सी. १९६२ची, पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७०ची, महापालिका १९८२ची, अशा तारखा पटापट हाताला लागतात. पण इथे तयार होणारी प्रत्येक गाडी ज्या एका गोष्टीवर उभी राहून कारखान्याच्या दारातून बाहेर पडते, तिचा कागद शोधू गेलो तर हाताला फारसे काही लागत नाही. ती गोष्ट म्हणजे चाकातली हवा.

हे अलंकारिक बोलणे नव्हे. गाडीचे वजन मुख्यतः टायरचे रबर पेलत नाही, आत दाबून भरलेली हवा पेलते. ढोबळ हिशेब कोणालाही करता येईल. बाराशे किलोची मोटार म्हणजे सुमारे २६५० पौंड. एका चाकावर साडेसहाशेच्या वर. हवा दर चौरस इंचाला ३० पौंड असेल तर प्रत्येक टायरचा सुमारे बावीस चौरस इंचांचा तुकडा जमिनीला टेकलेला असतो. आपल्या जुन्या पोस्टकार्डाहून थोडासा मोठा. अशा चार पोस्टकार्डांवर आपण ताशी शंभर किलोमीटरने जातो. हवा वीसवर आली की तेच वजन पेलायला तेहतीस चौरस इंच लागतात. टायर पसरतो, त्याच्या बगला प्रत्येक फेऱ्यात वाकतात आणि सरळ होतात, मिनिटाला काहीशे वेळा. तार सारखी मागेपुढे वाकवली की ती गरम होऊन तुटते, हे लहानपणी प्रत्येकाने करून पाहिलेले आहे.

या कर्ताहीन वाक्याला अलीकडे एकदा न्यायालयात आव्हान मिळाले. २०१० साली एक गृहस्थ दोन सहकाऱ्यांबरोबर मोटारीने पुण्याहून मुंबईला निघाले होते. गाडी सहकाऱ्याची. वाटेत मागचा टायर फुटला, गाडी खोल खड्ड्यात गेली आणि ते जागीच ठार झाले. घरात कमावते ते एकटेच. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने २०१६ साली कुटुंबाला सव्वा कोटी रुपयांच्या घरात भरपाई मंजूर केली. त्यावर विमा कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. तिचे एक म्हणणे असे होते की टायर फुटणे ही ‘अ‍ॅक्ट ऑफ गॉड’, म्हणजे देवाची करणी आहे. २०२३ साली न्यायालयाने ते फेटाळले. जिला कोणीही माणूस जबाबदार नाही अशी अनपेक्षित नैसर्गिक घटना म्हणजे देवाची करणी. टायर फुटण्यामागे अतिवेग, कमी हवा, जास्त हवा, जुने वापरलेले टायर, तापमान अशी कारणे असतात आणि प्रवासाला निघण्यापूर्वी टायर पाहणे हे चालकाचे किंवा मालकाचे काम आहे, असा निकालाचा आशय होता. नारळातल्या पाण्यापुरती देवाची करणी ठीक आहे. टायरातली हवा कोणीतरी नळी लावून भरलेली असते.

पण मग प्रश्न येतो: किती भरायची, हे आपल्याकडे कोणी ठरवले आणि कसे?

त्यासाठी थोडे मागे जावे लागते. चाकाखाली दाबलेली हवा घालण्याची कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश इंजिनिअरने १८४५ साली तिचे पेटंट घेतले आणि लंडनमध्ये घोडागाडीला अशी चाके लावून दाखवली. लोकांनी पाहिली आणि विसरून गेले. चार दशकांनी बेलफास्टमधले गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हीच युक्ती पुन्हा शोधली. १८८८ साली त्यांना पेटंट मिळाले, आणि थॉमसनचा जुना कागद निघाल्यावर ते रद्दही झाले. नाव मात्र डनलॉपचेच राहिले. १८९५ साली मिशलँ बंधूंनी पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरांवर मोटार उतरवली. वाटेत असंख्य पंक्चर झाली आणि शर्यत काही जिंकता आली नाही, पण मोटार हवेवर चालू शकते हे सिद्ध झाले.

या काळात हवा मोजत कशी? अंगठ्याने. सायकलची हवा आपण अजून तशीच पाहतो. न्यूयॉर्कच्या श्रेडर कारखान्याने १८९०च्या दशकात तो व्हॉल्व्ह आणला जो आजही आपल्या चाकात आहे, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात खिशात ठेवायचा गेज आणला. टोकाला दाबले की दांडी बाहेर येते आणि तिच्यावरचा आकडा वाचायचा, असा तो पेनाएवढा गेज आजही त्याच घराण्यातला आहे. अंगठ्याची जागा आकड्याने घेतली ती तेव्हापासून.

आकडा आपल्याकडे आला तो पौंडांत. १९५६च्या कायद्याने देशाने मेट्रिक मापे स्वीकारली आणि पुढच्या काही वर्षांत शेर, मण, रत्तल सगळे बाजारातून गेले. टायरमधला पौंड तेवढा राहिला. ‘पुढं तीस, मागं बत्तीस’ म्हणताना तो वजनाचा पौंड नसून एका चौरस इंचावरचा दाब आहे, हे सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनातही नसते. टायरच्या बगलेवर छापलेले माप तर याहून मजेशीर: १७५/६५ आर १४ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि रिम इंचांत. दशमान चळवळीच्या पुढाऱ्यांना दाखवायला हवे होते.

मराठीने टायरच्या जगातून उचललेले शब्दही असेच दूरवरून आलेले. गावाकडे हवेच्या चाकांची बैलगाडी आली तेव्हा तिला ‘डनलॉप’ म्हणू लागले. ऊसतोडणीच्या हंगामात ‘टायर सेंटर’ म्हणजे टायरगाडीवर ऊस वाहणाऱ्यांची टोळी, हा शब्द साखरपट्ट्यात सर्वांना माहीत आहे. आणि ‘स्टेपनी’. वेल्समधल्या लानेथली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ साली जादा चाकाचा धंदा सुरू केला आणि रस्त्याचे नाव चाकाला दिले. इंग्लंडमध्ये तो शब्द कोणाला सांगून कळणार नाही. आपल्याकडे तो शाळकरी पोरालाही कळतो. ‘टॉमी’ कुठून आला ते भाषावाल्यांनी शोधावे. मला तो लोखंडी दांडा महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे हवा मोजण्याचे पहिले खरे साधन तेच होते.

एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी नगरहून पुण्याला आली. महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा दापोडीला आहे. दापोडी म्हणजे पुणे संपून पिंपरी-चिंचवड सुरू होते तो उंबरठा. त्याच दापोडीत मुंबई-पुणे रस्त्यावर अ‍ॅटलास कॉप्को या स्वीडिश कंपनीने १९६०च्या सुमारास हवा दाबणाऱ्या यंत्रांचा, म्हणजे कॉम्प्रेसरचा कारखाना काढला. नाशिक फाट्यावरून पुढे गेले की भोसरीला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट, सी.आय.आर.टी. आहे. देशभरच्या एस.टी. महामंडळांसाठी १९६७ साली निघालेली ही संस्था. टेल्को आणि बजाज ऑटो याच दशकात इथे आल्या. थोडक्यात, गाडी बनवणारे, गाडी चालवणारे, हवा दाबणारे आणि या सगळ्यांचे मोजमाप करणारे असे चारही घटक पाच-दहा किलोमीटरच्या आत जमले. देशात असे ठिकाण क्वचितच असेल.

एस.टी.च्या आगारात टायरचा विभाग वेगळा असतो. टायर हा डिझेलनंतरच्या मोठ्या खर्चांपैकी एक असल्यामुळे प्रत्येक टायरला क्रमांक असतो आणि प्रत्येक क्रमांकाचे कार्ड. कोणत्या गाडीला, कोणत्या बाजूला लागला, किती किलोमीटर धावला, कधी उतरवला, कशामुळे उतरवला, किती वेळा रिट्रेडिंग झाले, पुन्हा कधी चढला. माणसाच्या सेवापुस्तकासारखेच ते. अशी काही जुनी कार्डे मला पाहायला मिळाली. त्यांच्यावर किलोमीटर होते, तारखा होत्या, सह्या होत्या. हवा नव्हती. रोज तपासायच्या गोष्टीची रोज नोंद कोण ठेवणार? ती गाडी सुटण्यापूर्वी टॉमीने किंवा हातोड्याने ठोकून पाहायची आणि पुढे जायचे.

या ठोकण्याला हसू नये. बसला आणि ट्रकला मागे जोडचाके असतात. त्यातल्या आतल्या टायरची हवा गेली तरी बाहेरचा टायर वजन घेतो आणि नजरेला काही दिसत नाही. चालताना मात्र एकट्या बाहेरच्यावर दुप्पट भार येतो आणि आतला रिकामा टायर घासून तापत राहतो. कधी कधी पेट घेतो. आतल्या टायरचा व्हॉल्व्हही अडचणीच्या जागी असतो, तिथे गेज पोहोचवणे जिकिरीचे. अशा वेळी दांड्याचा आवाज खरे बोलतो. भरलेला टायर टण्णकन दांडा परत फेकतो, बसलेला ‘थप्’ असा गिळतो. ट्रकवरच्या क्लीनरला ही विद्या पहिल्या महिन्यात शिकवत. पण तिची मर्यादाही तिथेच आहे. भरलेला आणि बसलेला यातला फरक कानाला कळतो. शंभर पौंड आणि पंच्याऐंशी पौंड यातला कळत नाही. आणि टायर मरतो तो बहुतेक वेळा या मधल्या पट्ट्यात.

मोटारींच्या बाबतीत नजरेचा भरवसा होता. अ‍ॅम्बॅसडर आणि फियाटच्या काळातले टायर आडव्या-तिरप्या धाग्यांचे, क्रॉस-प्लाय. त्यांच्या बगला ताठ. हवा कमी झाली की टायर खाली फुगलेला दिसे आणि चालक एक लाथ मारून हवा भरायला नेई. मिशलँने दुसऱ्या महायुद्धानंतर आणलेला रेडियल टायर आपल्याकडे १९७७ साली बनू लागला आणि पुढे मोटारींमध्ये हळूहळू सगळीकडे पसरला. याच्या बगला मऊ असतात. हवा अगदी बरोबर असली तरी तो खाली थोडा फुगलेला दिसतो. म्हणजे तीस वर्षे कमावलेली नजर एका रात्रीत खोटी ठरली. काहींनी फुगवटा दिसू नये म्हणून पस्तीस-चाळीस भरायला सुरुवात केली. त्यात ॲव्हरेज वाढते ही समजूत मिसळली. ती खोटी नाही, टणक टायर थोडा कमी इंधन खातो. पण मधली नक्षी आधी झिजते, जमिनीला टेकणारे पोस्टकार्ड लहान होते आणि पावसात ब्रेक लावल्यावर ते जाणवते. इतर काहींना फुगवट्याची सवय झाली, आणि खरोखर हवा गेलेली असतानाही ‘रेडियल आहे, तसाच दिसतो’ असे म्हणू लागले. माझ्या मते टायरच्या इथल्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच. आकडा पाहिल्याशिवाय भागणार नाही अशी वस्तू आली, पण आकडा पाहायची सवय आली नाही.

आणि मग द्रुतगती मार्ग आला. किवळ्यापासून कळंबोलीपर्यंत साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, सिमेंटचा, मध्ये सिग्नल नाही, चौक नाही. २००२ साली तो पूर्ण झाला. तोवर आपल्या मोटारी इतका वेळ, इतक्या वेगाने, न थांबता कधी धावल्याच नव्हत्या. जुन्या रस्त्यावर खंडाळ्याच्या वळणांत आणि गावागावांत टायरला गार व्हायला वेळ मिळे. नव्या रस्त्यावर कमी हवेचा टायर पाऊण तास सलग वाकत राहिला. टायर फुटल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि दोष सिमेंटवर आला: सिमेंट तापते, हवा फुगते, टायर फुटतो. त्यातून एक सल्ला निघाला, जो मी आजही नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंत हवेच्या प्रत्येक दुसऱ्या टपरीवर ऐकतो. ‘काका, उन्हाळा आहे, दोन-चार कमीच ठेवतो.’

या सल्ल्याने किती माणसे मेली असतील, याची मोजदाद होणे शक्य नाही. म्हणूनच तो नीट उकलून पाहिला पाहिजे. उन्हाने हवा फुगते हे खरे. आपल्या भागात हिवाळ्यातल्या दहा अंशांच्या पहाटे तीस पौंड भरलेला टायर मे महिन्यातल्या अडतीस अंशांच्या दुपारी, गाडी उभी असताना, चौतीसच्या थोडा वर दाखवेल. मुंबईहून घाट चढून आलात तर बाहेरच्या हवेचा दाब कमी झाल्याने आणखी जवळपास एक पौंड. धावल्यावर टायर तापून आणखी चार-सहा. हे सगळे टायर बनवणाऱ्याने धरलेले असते; धडधाकट टायर त्याच्या कितीतरी पटीने जास्त दाब सोसतो. त्याला सोसत नाही ती उष्णता. आणि कमी हवेच्या टायरला सर्वांत जास्त उष्णता सिमेंटकडून येत नाही, ती स्वतःच्या वाकण्यातून येते. म्हणजे फुगू नये म्हणून चार पौंड काढून टाकणारा माणूस, ज्या गोष्टीला तो घाबरतो तीच वाढवतो.

सल्ला जन्मला कसा असावा, याचा माझा अंदाज असा. घरून तीस पौंडांवर निघालेली गाडी फूड मॉलला थांबते. कोणीतरी गेज लावतो. छत्तीस. ‘बापरे, जास्त आहे’ म्हणून सहा पौंड काढतो. आता तापलेला टायर तीस दाखवतो आणि सर्वांचे समाधान होते. संध्याकाळी टायर गार होतो तेव्हा आत पंचवीसच्या आसपास उरलेले असतात, आणि परतीचा प्रवास त्यावर होतो. कंपनीने दिलेला आकडा गार टायरचा असतो, गाडी निदान दोन-तीन तास उभी राहिल्यानंतरचा, हे एक वाक्य या साखळीत कुठेच कोणी उच्चारत नाही.

आकडा दिलेला नसतो असे नाही. चालकाच्या दाराच्या खांबावर तो चिकटवलेला असतो. काही युरोपीय गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत. दोन माणसे असताना किती, गाडी भरलेली असताना किती, पुढे किती, मागे किती. ती चिठ्ठी म्हणजे गाडी बनवणाऱ्यांनी त्या एका गाडीसाठी केलेल्या हिशेबाचे सार आहे. चाकणला बनलेल्या गाडीचा मालक चाकणच्या टपरीवर येतो, आणि पोरगा विचारतो, ‘किती ठेवू?’ मालक म्हणतो, ‘ठेव की नेहमीची.’ चिठ्ठी त्या दोघांपासून दोन हातांवर, दाराच्या आड असते. भर म्हणजे कारखान्यातून निघालेल्या नव्या गाडीत वाहतुकीसाठी मुद्दाम जास्त हवा भरण्याची पद्धत आहे, म्हणजे कंटेनरमध्ये उभी असताना टायर एका जागी चपटे होत नाहीत. विक्रेत्याने ती गाडी देण्यापूर्वी उतरवायची असते. ती उतरवली का, हे विचारणारा ग्राहक मी अजून पाहिलेला नाही.

पेट्रोल पंपावर हवा फुकट देणे तेलकंपन्यांच्या नियमांप्रमाणे बंधनकारक आहे. नियम चांगलाच, पण फुकट गोष्टीचे माप कोणी तपासत नाही. पेट्रोलचे माप सरकारी शिक्का मारून होते, पाच लिटरचे भांडे मागायचा हक्क ग्राहकाला असतो. हवेच्या नळीला लोंबणारा गेज दिवसातून शंभर वेळा फरशीवर आपटतो. एकदा थंडीत सकाळी मी एकाच टायरची हवा जवळजवळच्या तीन ठिकाणी मोजवून घेतली. माझ्या खिशातला गेज तिन्ही ठिकाणी एकच सांगत होता. त्यांचे आकडे तीन निघाले. भरणाऱ्या पोरांचा यात दोष नाही. त्यांना जे साधन दिले ते ते वापरतात.

त्या पोरांविषयी एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. ट्रकच्या ट्यूबवाल्या टायरची रिम अनेकदा एकसंध नसते. टायर बसवून वरून लोखंडी रिंग अडकवतात. ती नीट बसली नसेल आणि हवा शंभराच्या पुढे गेली, तर रिंग तोफगोळ्यासारखी उडते. म्हणून असा टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांबून हवा भरायची असते. महामार्गावरच्या टपऱ्यांवर पिंजरा क्वचित दिसतो. रिंगेला टॉमी आडवी घालतात, किंवा साखळी गुंडाळतात, किंवा तोंड फिरवून बसतात. अपघात झाला तर बातमी पुन्हा तीच, कर्ता नसलेली: टायर फुटून एक ठार.

अमेरिकेतही ही गोष्ट मृत्यूंची मोजदाद झाल्यावरच कायद्यापर्यंत गेली. फोर्डची एक्स्प्लोरर गाडी आणि तिचे फायरस्टोन टायर यांचे प्रकरण २००० साली उघडकीला आले. टायरची नक्षी सुटून गाड्या उलटत होत्या. मृतांचा आकडा अडीचशेच्या पुढे गेला आणि ऑगस्टमध्ये पासष्ट लाख टायर परत बोलवावे लागले. वादाचा एक मुद्दा हवेचा आकडाच होता. फोर्डने चिठ्ठीवर २६ पौंड लिहिले होते, टायर कंपनी ३० म्हणत होती. त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि २००७पासून प्रत्येक नव्या मोटारीत हवा पंचवीस टक्क्यांनी घसरली की दिवा लावणारी यंत्रणा सक्तीची झाली. युरोपात २०१४पर्यंत तेच झाले.

आपल्याकडे हा दिवा वेगळ्या वाटेने आला. जुलै २०२०मध्ये केंद्राने मोटार वाहन नियम बदलले: मोटारीला ट्यूबलेस टायर असतील, पंक्चर काढायचे सामान दिलेले असेल आणि हवा सांगणारी यंत्रणा बसवलेली असेल, तर स्टेपनी नसली तरी चालेल. तिथे माणसे मेल्यामुळे जे आले ते इथे डिकीतली जागा मोकळी करण्याच्या अटीपोटी आले. त्यातही दोन जाती आहेत. एकीत चाकाच्या आत सेन्सर असतो आणि तो खरोखर हवा मोजतो. दुसरी स्वस्त, ती चाकांच्या फिरण्याच्या वेगातला फरक पाहून कोणते चाक बसले आहे ते ओळखते. या दुसरीला हवा भरल्यावर बटण दाबून ‘हेच बरोबर’ असे सांगावे लागते. पंचवीसवर दाबले तर ती पंचवीसच बरोबर मानते. चूक शिकवली की ती इमानाने चूकच राखते.

मग हवेची खरी नोंद कुठेच नसते का? एका जागी असते. ती वाचायला मला टायर विक्रेत्यांकडे कंपनीतर्फे क्लेम तपासायला येणाऱ्या माणसांनी शिकवले. फुटलेला किंवा सुटलेला टायर आला की ते आधी बाहेरून पाहतच नाहीत. आत हात घालतात. टायर बराच काळ कमी हवेवर धावलेला असेल तर बगलेच्या आतल्या अस्तरावर गोल सुरकुत्यांची रांग उमटलेली असते. अस्तराचा रंग निळसर झालेला असतो. झाडले तर रबराची बारीक भुकटी पडते. रिमची कड जिथे बसते तिथे खोल वळ असतो. कट लागून अचानक फुटलेल्या टायरमध्ये यातले काही नसते. आत स्वच्छ, आणि एकाच जागी चिरफाड. मालक शपथेवर सांगत असतो की हवा पंधरा दिवसांपूर्वीच पाहिली होती. तपासणारा वाद घालत नाही. ‘लो प्रेशर’ असे लिहितो आणि क्लेम नामंजूर करतो. असे कागद विक्रेत्यांकडे काही वर्षे राहतात, मग रद्दीत जातात.

टायर भंगारात जातात. चिखलीजवळच्या कुदळवाडीत भंगाराची शेकडो गोदामे होती, आणि तिथे रचलेल्या टायरांच्या ढिगांत टॉर्च घेऊन आतली अस्तरे पाहण्यात माझे कितीतरी रविवार गेले आहेत. पहिल्यांदा गेलो तेव्हा गोदामवाल्याला वाटले, मी महापालिकेचा माणूस. नंतर तो चहा पाजू लागला, आणि सुरकुत्यांचा टायर दिसला की ‘तुमचा माल आला’ म्हणून बाजूला काढून ठेवू लागला. फेब्रुवारी २०२५मध्ये महापालिकेने कुदळवाडीतली पत्र्याची शेड आणि गोदामे पाडली. मी गेलो तेव्हा जेसीबीने जमीन सपाट केलेली होती. गोदामवाल्याचा फोन लागत नव्हता. बाजूला ठेवलेले चार टायर कुठे गेले, ते सांगायला तिथे कोणी नव्हते.